पीडितराव

पीडितरावांना नेमकी कोणी पीडा दिली, हे इतकी वर्षं शेजारी राहूनही मला कळलेलं नाही. बायकोनं दिली म्हणावं, तर वहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. सकाळी उठून दोन डबे भरायचे, कुकर लावायचा, शाळा गाठायची, येताना भाजी आणायची. फ्लॅटचा हप्ता त्यांच्याच पगारातून जातो. पीडितरावांना चहा कधी मागावा लागत नाही. पेपर उलगडल्याचा आवाज झाला की कप येतो. वहिनींनी त्यांच्यावर केस केलेली नाही, चौकीत अर्ज दिलेला नाही, त्या रुसून माहेरी गेलेल्या नाहीत. माहेरी जातात ते दिवाळीत, आणि जाताना फ्रिजमधल्या डब्यांवर ‘सोमवार’, ‘मंगळवार’ अशा चिठ्ठ्या चिकटवून जातात. एकदा पीडितरावांनी मंगळवारचा डबा सोमवारी खाल्ला आणि माहेरी फोन करून विचारलं, की आता उद्या काय करायचं?

तरी गृहस्थ पीडित आहेत. रोज आहेत, आणि पहाटे पाच चाळीसपासून आहेत. त्या वेळेला त्यांचा पहिला मेसेज पडतो: उगवता सूर्य, त्यापुढे आयाळ पिंजारलेला सिंह, आणि खाली ‘जागा हो पुरुषा’. पिंपरी-चिंचवडमधले निम्मे पुरुष त्या वेळी पहिल्या पाळीची बस पकडायला आधीच जागे झालेले असतात. ग्रुपच्या नावात दोन वाघ आणि एक तलवार आहे. मला त्यात न विचारता घातलं गेलं. बाहेर पडावं, तर लिफ्टमध्ये रोज गाठ पडते.

पीडितरावांची सगळी पीडा गोळा केलेली आहे. काही लोक जुनी नाणी जमवतात, तसे हे लोकांच्या बायकांचे गुन्हे जमवतात. बेंगळुरूची बाई, इंदूरची बाई, भोपाळची बाई. तारीख, वार, पोटगीचा आकडा, सगळं मुखोद्गत. स्वतःच्या मुलीची बारावीची टक्केवारी विचारली तर ते आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारतात. 2025 च्या मार्चमध्ये मेरठमध्ये एका तरुणाचा खून झाला. मृतदेह निळ्या ड्रममध्ये घालून वर सिमेंट ओतल्याचं उघड झालं, आरोप बायको आणि तिच्या प्रियकरावर होता. तेव्हा दोन दिवस ग्रुपवर संताप होता. तिसऱ्या दिवशी ड्रमचे विनोद सुरू झाले. ‘बायकोनं आज ड्रमचा भाव विचारला’, ‘लग्नात आहेर म्हणून ड्रम देऊ नका’ वगैरे. जो मेला तो पुरुष होता. पुरुषांच्या कैवाऱ्यांनी त्याच्यासाठी जे काही केलं, ते एवढंच. हे मी एकदा लिहिलं, तर पीडितरावांनी अंगठा दाखवला. ते न वाचताच अंगठा दाखवतात.

त्यांची भाषा हा वेगळा विषय आहे. आमच्या पिढीचं मराठी, त्यात भाच्यानं पुरवलेले शब्द. भाचा हिंजवडीला असतो, लग्न जमत नाही म्हणून जगावर रागावलेला आहे आणि मामांचा पुरवठादार आहे. ‘सिम्प’, ‘वोक’, ‘अल्फा’, ‘फेमिनाझी’ हे सगळं त्याच्याकडून आलं. ‘रेड पिल’ आलं तेव्हा थोडा गोंधळ झाला. भाच्यानं लिहिलं, “मामा, तुम्ही रेड पिल घेतली की नाही?” मामांना सकाळी थायरॉइडची, रात्री बीपीची गोळी. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलं, “उपाशीपोटी घ्यायची का?”

मग भाच्यानं समजावलं, की ही 1999 च्या ‘द मेट्रिक्स’ सिनेमातली गोळी. ती घेतली की डोळे उघडतात आणि बायकांचं खरं स्वरूप दिसतं. सिनेमात बायकांचं स्वरूप वगैरे काही नाही, तो भाग नंतरच्या मंडळींनी जोडला. पीडितरावांना मात्र गोळी फार आवडली. त्या सिनेमाच्या दोन्ही दिग्दर्शिका ट्रान्स स्त्रिया आहेत, हे मी त्यांना लिफ्टमध्ये सांगितलं. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत ते गप्प होते. दार उघडल्यावर म्हणाले, “बघा, कुठेकुठे शिरल्यात.”

कायद्यात त्यांचा जीव 498-अ मध्ये. हे कलम 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत आलं. हुंड्यासाठी सुना जळत होत्या, ‘स्टो भडकला’ हे वाक्य पंचनाम्यात रोजचं झालं होतं, त्या काळातलं ते. पीडितराव ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ असं म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं पाण्याची पातळी सांगताहेत. 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता लागू झाली आणि तेच कलम 85 आणि 86 झालं, तेव्हा ते खरोखर हळहळले. शत्रू जिवंत होता, पण त्याचा नंबर बदलला होता. “पंच्याऐंशीला ती धार नाही हो,” म्हणाले. ग्रुपवर आजही 498 च चालतं.

या कलमाचा गैरवापर होतच नाही, असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या सासूला, परगावी राहणाऱ्या नणंदेला तक्रारीत ओढल्याची उदाहरणं न्यायालयांनीच नोंदवली आहेत. म्हणून तर 2014 मध्ये अर्नेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तक्रार आली म्हणून आपोआप अटक करायची नाही, आधी गरज तपासा, कारण लेखी द्या. पुरुषांच्या हक्कांची कोणाला खरी कळकळ असेल, तर हा निकाल त्यानं मराठीत छापून वाटायला हवा. पीडितरावांच्या ग्रुपवर त्याचा उल्लेख मी एकदाही पाहिला नाही. मला वाटतं, तक्रारीवर उपाय आहे म्हटलं की तक्रारीची मजा जाते. तेच पालकत्वाचं. कायदे बायकांनी बायकांसाठी केले, हे त्यांचं लाडकं वाक्य. 1956 चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं नाव घेतो, आईचं त्यानंतर. त्या ‘त्यानंतर’चा अर्थ लावायला गीता हरिहरन यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि निकाल 1999 मध्ये लागला. हे सांगितल्यावर पीडितराव म्हणाले, “मग बरोबरच आहे ना ते.”

स्वतःच्या अंगावर झालेला म्हणून एकच अन्याय त्यांच्यापाशी आहे, आणि तो एसटीनं केला. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पीडितराव वहिनींबरोबर कोल्हापूरला निघाले, कंडक्टरनं विचारलं, “एक फुल, एक हाफ?” आणि त्यांच्या काळजात काहीतरी तुटलं. तिकिटाचा फोटो ग्रुपवर आला. खाली ओळ: ‘एकाच सीटवर, एकाच देशात’. वहिनींच्या तिकिटाचे वाचलेले पैसे पीडितरावांच्याच खिशात राहिले होते. साताऱ्याच्या थांब्यावर त्यातूनच मिसळ झाली, हे वहिनींकडून कळलं. शेजारच्या सीटवर पीडितरावांचे वडील होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, म्हणजे 2022 च्या योजनेनुसार पूर्ण फुकट. त्याबद्दल चिरंजीवांची तक्रार नव्हती. फुकट चालतं, अर्धं चालत नाही.

‘लाडकी बहीण’ आली तेव्हा ते आठवडाभर धुमसत होते. महिना पंधराशे, आणि भावाला काय? मग 2025 च्या जुलैमध्ये बातमी आली, की त्या योजनेचे पैसे चौदा हजारांहून जास्त पुरुषांनीही घेतले. मला वाटलं, आता तरी ग्रुप शरमेनं गप्प बसेल. पीडितरावांनी बातमी टाकली आणि वर लिहिलं, ‘अखेर थोडा न्याय’.

घरकामाचा विषय मीच काढला, आणि तो मला फळला. सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आलं होतं, की घरकामात भाग घेणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि भाग घेणारे पुरुष 97. मी हे आकडे त्यांच्या बाल्कनीत उभं राहून वाचून दाखवले. वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत. विचारात पडले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “सत्त्याण्णव मिनिटं? शक्यच नाही. एवढं कोण करतं?” आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. पीडितरावांच्या कोणत्याही मतावर त्या हसलेल्या मी ऐकल्याची ती एकच वेळ, आणि त्या वेळी ते बरोबर बोलले होते. भाग घेणाऱ्या पुरुषांचीच ती सरासरी होती. न घेणारे त्यात धरलेलेच नव्हते.

वटपौर्णिमेला त्यांची फार ओढाताण होते. छत्रपती संभाजीनगरजवळ पत्नीपीडित पुरुषांचा आश्रम आहे. तिथली मंडळी वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात, हीच बायको पुन्हा नको असं मागणं मागत. त्यांतल्या काहींच्या मागे खरोखर कज्जे-खटले आहेत. आपलं दुःख ते निदान उन्हात उभं राहून मांडतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल थोडा आदर आहे. पीडितराव जागचे हलत नाहीत. व्हिडिओ पुढे पाठवतात आणि हात जोडतात. गेल्या वटपौर्णिमेला सकाळी मात्र ते अस्वस्थ दिसले. विचारलं, तर म्हणाले, “हिनं यंदाही उपवास धरला नाही.”

“पण तुम्हाला तर पुढच्या जन्मी नकोच आहेत ना त्या?”

“ते मला नको असणं वेगळं. तिला मी नको असणं म्हणजे काय? हेच ते स्त्रीवादाचं वारं.”

वहिनी पायात चपला सरकवत होत्या. म्हणाल्या, “अहो, हा जन्म तर आधी सरू दे,” आणि शाळेत गेल्या.

हे वाण नवं नाही. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं, की सगळे दुर्गुण काय बायकांच्याच अंगी चिकटलेत? तेव्हाही मंडळी अशीच खवळली, इतकी की बाईंच्या बाजूनं जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मधून लिहावं लागलं. नारायण बापूजी कानिटकरांनी तर 1886 मध्ये ‘तरुणी-शिक्षण-नाटिका’ म्हणून अख्खं नाटकच लिहिलं, शिकलेल्या मुली कशा बिघडतात ते दाखवणारं. पण कानिटकरांना निदान संवाद लिहावे लागले. पीडितरावांना अंगठा पुरतो. शिवाय तेव्हाची मंडळी मुलीला शाळेत घालतच नसत. पीडितरावांनी मुलीला इंजिनिअरिंगला घातलंय आणि तिला पुण्यातच नोकरी लागावी म्हणून चतुर्थी धरलीय. मुलगी अपवाद आहे. वहिनीही अपवाद आहेत, आई तर देवच होती, बहीण साधी आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीबाई हुशार आहेत. म्हणजे त्यांना ठाऊक असलेली एकूण एक बाई अपवाद. वाईट आहेत त्या उरलेल्या, ज्यांना ते कधी भेटलेले नाहीत.

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मोर्चा काढला. डोक्याला मुंडावळ्या, काहीजण घोड्यावर, पुढे बँड, आणि थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर: आम्हाला नवरी द्या. पीडितरावांना हा फोटो म्हणजे पर्वणीच. ‘बघा, स्त्रीवादानं काय वेळ आणली!’ फोटो खरा होता, हसू येण्यासारखाही होता. पण त्या पोरांनी दिलेल्या निवेदनात मागणी काय होती? गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा कडक राबवा. मुली जन्मूच दिल्या नाहीत तर नवरी येणार कुठून, हे घोड्यावर बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला कळलं होतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात 807. त्या वयाच्या मुली आता लग्नाच्या झाल्यात, किंवा होतील. हजारातल्या त्या गहाळ मुलींना कोणत्या स्त्रीवाद्यांनी सोनोग्राफी सेंटरमध्ये नेलं होतं, हे मी ग्रुपवर विचारलं. उत्तर म्हणून भाच्यानं एक लांडगा पाठवला.

एवढं होऊनही मला पीडितरावांचा राग येत नाही, त्याला कारण आहे. भोसरीच्या एका कारखान्यात ते पंचवीस वर्षं स्टोअर्सला होते. कारखाना परराज्यात गेला, यांना बावन्नाव्या वर्षी व्हीआरएस घ्यायला लावली. निरोप समारंभात घड्याळ मिळालं. ते अजून खोक्यातच आहे. ग्रुप त्यानंतर काही महिन्यांतच निघाला. या गोष्टीबद्दल त्यांनी तिथे आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. रागवायचं कोणावर? मालकाचा पत्ता माहीत नाही, एचआरचा माणूस सोडून गेला. बाई कशी सापडायला सोपी. कुठल्याही बातमीत असते.

फक्त अशी सहानुभूती त्यांच्या ग्रुपवर कोणाला मिळत नाही. दर 19 नोव्हेंबरला, आंतरराष्ट्रीय पुरुष दिनी, ते एक आकडा टाकतात: 2022 मध्ये देशात 1,22,724 पुरुषांनी आत्महत्या केल्या. आकडा सरकारी आहे, खरा आहे, आणि भयंकर आहे. पण त्याच अहवालात पुढे रकाने आहेत. जीव देणाऱ्यांत सर्वांत मोठा गट रोजंदारीवर जगणाऱ्यांचा, म्हणजे सव्वीस टक्क्यांच्या आसपास. राज्यांत महाराष्ट्र पहिला. कारणांत घरगुती कटकटी आहेत तसंच आजारपणही आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातलं कर्ज कोणाला ठाऊक नाही? पीडितराव पहिला रकाना कापून घेतात आणि त्याखाली स्वतःच्या हातानं ‘कारण: बायको’ असं जोडतात. गेल्या वर्षी असाच आकडा पडला, आणि एका सभासदानं, तळेगावकडचा कोणीतरी, पहिल्यांदाच लिहिलं, “मलाही महिनाभर झोप नाही. नको नको ते विचार येतात.” त्याला आधी तीन हसरे चेहरे आले, मग ‘भाऊ, लग्न झालंय वाटतं’. मी घाईघाईनं टेलिमानसचा नंबर टाकला, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. दहा मिनिटांत तो मेसेज गायब. विचारलं, तर अॅडमिन म्हणाले, “ग्रुपवर जाहिरातींना बंदी आहे.” मी त्या माणसाला वेगळा फोन लावला, बोललो, नंबर दिला.

असाच आणखी एक. त्याचा खटला खराखुरा, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चालू. बायको वेगळी राहते, मुलगी तिच्याकडे. ग्रुपला वाटलं, अखेर एक अस्सल पीडित मिळाला. पण गडी बायकोबद्दल वाईट बोलेचना. त्याला विचारत, पोटगी किती मागितली? तो सांगे, तारीख पुढची पडली. शेवटी एका गुरुवारी त्यानं प्रश्न टाकला: “शनिवारी मुलीला भेटायची परवानगी मिळालीय. दीड तास. सात वर्षांची आहे, बऱ्याच दिवसांनी भेटणार. सात वर्षांच्या मुलींना काय आवडतं? काय घेऊन जाऊ?”

त्या ग्रुपवर इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. बाप माणसं वाचत असणार, पण एकाही वाघाला सांगता येईना. भाच्यानं लिहिलं, “रेकॉर्डिंग करा, पुरावा होईल.” पुन्हा शांतता.

मी तेव्हा पीडितरावांकडेच मेन्टेनन्सची पावती द्यायला गेलो होतो. ते सोफ्यावर फोन धरून बसले होते, आणि चेहरा खरोखर अडचणीतला होता. दोन-तीनदा काहीतरी लिहून पुसलं. मग उठून ओट्यापाशी गेले आणि आवाज बारीक करून म्हणाले, “अगं, सात वर्षांच्या पोरींना काय आवडतं?”

वहिनी दुसरीच्याच वर्गाला शिकवतात. पोळी उलटत म्हणाल्या, “रंगीत कागद न्यायला सांगा, खडू, आणि डिंकाची ट्यूब. सोबत बसून काहीतरी करायचं म्हणावं. खाऊ थोडाच, नाहीतर खाण्यातच वेळ जातो. शाळेतल्या मैत्रिणींची नावं विचारा म्हणावं, त्या मग थांबत नाहीत. तिच्यासमोर आईबद्दल एक शब्द वाकडा काढू नका म्हणावं. आणि दीड तास तो फोन पिशवीत.”

पीडितराव तिथेच उभे राहून टाइप करत होते. माझा फोन खिशात वाजला, म्हणून मी पाहिलं. रंगीत कागद, खडू, डिंक, खाऊ थोडा, मैत्रिणींची नावं, सगळं नीट आलं होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट. शेवटची दोन वाक्यं गाळली होती.

त्या माणसाचं लगेच उत्तर आलं, “साहेब, फार उपकार. तुम्हाला बरं सगळं माहीत!”

“अनुभव,” पीडितरावांनी लिहिलं, आणि पोळी झाली का म्हणून ताटाकडे पाहिलं.